जवाचं पाणी

पनवेलजवळच्या आमच्या करंजाड्यात हळदीच्या रात्री मांडवामागे बर्फाचा टप असतो, आणि टपाजवळ कुणीतरी काका असतातच. "बिअर आहे रे, दारू नाय. जवाचं पाणी." हे मत एकट्या आमच्या गावाचं नाही. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे भल्याभल्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं.

पूर्वपक्ष दुबळा नाही. तो म्हणतो, व्हिस्कीत अल्कोहोल 42.8 टक्के, कडक बिअरमध्ये फार तर 8. दोघींना एका पंगतीत बसवता कसं? लिव्हर जातं ते रोज क्वार्टर मारणाऱ्याचं. आम्ही फक्त शनिवारचे, श्रावण पाळणारे, आणि आमचा रिपोर्ट नॉर्मल.

टक्के खरे आहेत, पण कुणी टक्के पीत नाही, बाटली पितो. टपातली 650 मिलीची बाटली पुसून लेबल वाचा. 8 टक्के म्हणजे 52 मिली निखळ अल्कोहोल. ते पाण्याहून हलकं, म्हणून 0.79 ने गुणायचं. झाले 41 ग्रॅम. व्हिस्कीचा 60 मिलीचा लार्ज त्याच हिशेबाने 20 ग्रॅम. एक कडक बिअर म्हणजे दोन लार्ज! काका तीन बाटल्या रिचवतात, म्हणजे सहा लार्ज, म्हणजेच दोन क्वार्टर. ज्याला ते नावं ठेवतात तो बापडा एका क्वार्टरवर घरी जातो.

यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निस्तरतं. लिंबूपाण्याने तो वेग वाढत नाही. अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, जे पेशींना विषारी, आणि मग अ‍ॅसिटेट. या कामात पेशी गुंतली की तिचं चरबी जाळणं मागे पडतं आणि चरबी तिथेच साचते. वर चखण्याची भजी आहेतच. पुढे सूज, मग व्रण, मग सिरॉसिस. यातलं बरंचसं मुकाट्याने होतं, कारण यकृताच्या आतल्या भागाला दुखण्याची जाणीवच नाही.

श्रावणाचा मुद्दा मात्र मी अर्धा मान्य करतो. दारू पूर्ण बंद केली तर नुसती साचलेली चरबी दोन ते सहा आठवड्यांत बरीच उतरते. महिनाभराचं व्रत वाया जात नाही. पण व्रण महिन्यात पुसले जात नाहीत, आणि गटारीला महिन्याचा कोटा एका रात्रीत उरकणारा व्रताचं भांडवल आधीच खाऊन बसलेला असतो. रिपोर्टचं म्हणाल तर सिरॉसिस असूनही एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं. सोनोग्राफी, प्लेटलेट, लागल्यास फायब्रोस्कॅन, हे सगळं मिळून डॉक्टर ठरवतात.

राहिलं लिव्हरचं टॉनिक. पनवेल हे 1872 पासून धूतपापेश्वरच्या आयुर्वेदिक औषधांचं गाव. औषधी काढ्यांबद्दल आम्हाला आदर घरातूनच मिळतो. पण कुठलंही सरबत रात्रीच्या तीन बाटल्यांचा परवाना देत नाही, आणि आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आलेलं थोडं अल्कोहोल असतंच. यकृताच्या रुग्णाने ती विचारून घ्यावीत. उतारा म्हणून पॅरासिटामॉलही नको, नेहमी पिणाऱ्याच्या यकृताला ते जास्त बाधतं. हेपॅटायटिस ‘बी’ची लस, आटोक्यातलं वजन, रोजचं चालणं ही कामं कंटाळवाणी आहेत, पण उपयोगाची. रोज पिणाऱ्याने मात्र घरच्या घरी एकदम सोडू नये. थरथर, भास, झटके येऊन जिवावर बेतू शकतं. त्यासाठी डॉक्टर आहेत, पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे.

हा हिशेब मी काकांना पत्रावळीच्या पाठीवर मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मग शनिवारी दोनच घेतो."

मी खाली लिहिलं, 82.