पहिली कंपनी, पहिलं वर्ष: अमेरिकन ट्रक ड्रायव्हरची गोष्ट

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हा पुण्यात बसून कोडिंग करणारा माणूस अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरांबद्दल काय सांगणार? थांबा, सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका अमेरिकन क्लायंटच्या प्रोजेक्टवर होतो. ट्रक कंपन्यांसाठीचं सॉफ्टवेअर. कुठला ड्रायव्हर कुठे आहे, किती तास चालवलं, किती मैल झाले, असं सगळं. टेस्टिंग करताना ड्रायव्हरांच्या यादीत मला काहीतरी विचित्र दिसलं. जवळजवळ सगळ्यांची जॉइनिंग डेट गेल्या वर्षभरातली. मला वाटलं, डेटा इकडून तिकडे नेताना तारखांची वाट लागली. मी इमानदारीत बग टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "बग नाहीये. आमच्याकडे ड्रायव्हर एवढेच टिकतात."

मी शोधायला लागलो, तर ही एका कंपनीची गोष्ट नव्हतीच. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या मोठ्या ट्रक कंपन्यांमध्ये 1995 ते 2017 या काळात वर्षाला सरासरी 94 टक्के टर्नओव्हर होता. म्हणजे 100 ड्रायव्हरांच्या कंपनीला वर्षभरात 94 वेळा नवीन माणूस शोधायला लागणार! काही जण वर्षानुवर्षं टिकतात, आणि काही सीट्सवर वर्षात तीन-तीन माणसं बसून जातात.

आता विचार करा, तुमच्या हातात नवंकोरं लायसन्स आहे आणि तुम्हाला पहिली कंपनी निवडायचीय. कशी निवडाल? त्यासाठी थोडं मागे जाऊया.

1935 साली, महामंदीच्या काळात, रूझवेल्ट यांच्या सरकारने मोटर कॅरियर कायदा आणला. राज्याराज्यांमधून माल नेणाऱ्या कंपनीला केंद्राच्या आयोगाकडून परवाना घ्यायला लागायचा. कुठल्या रस्त्याने जायचं, कुठला माल न्यायचा, भाडं किती लावायचं, सगळ्यावर आयोगाची नजर. नवीन कंपनीला आत शिरणं महाकठीण. ग्राहकाला हे महागात पडायचं, पण आतल्या कंपन्यांचा धंदा पक्का होता, आणि म्हणून ड्रायव्हरांच्या युनियनला त्यांच्याकडून चांगला पगार काढून घेता यायचा.

ती युनियन म्हणजे टीमस्टर्स. तिचा नेता जिमी हॉफा. 'द आयरिशमन'मध्ये अल पचिनोने केलाय ना, तोच. माणूस वादग्रस्त होता, तुरुंगातही गेला, 1975 साली जो गायब झाला तो कधी सापडलाच नाही. पण 1964 साली त्याने देशभरातल्या 4 लाखांच्या आसपास ड्रायव्हरांसाठी एकच करार घडवून आणला. त्या काळात नव्या पोराला कंपनी निवडताना फार डोकं लावायला लागत नसे. युनियनची नोकरी मिळाली की भलं झालं.

मग आलं 1980. जिमी कार्टर यांनी नवा मोटर कॅरियर कायदा सही केला आणि परवानाराजचं दार उघडलं. आपल्याकडे 1991 मध्ये जे झालं, त्याच जातीचं प्रकरण. परवानाधारक कंपन्या 1980 मध्ये 20 हजारांहून कमी होत्या, 1990 पर्यंत त्या 40 हजारांच्या वर गेल्या. मालवाहतूक स्वस्त झाली, हे मान्यच करायला हवं. पण पूर्ण ट्रक भरून एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याच्या धंद्याला गोदामांचं जाळं लागत नाही, एक ट्रक आणि एक ड्रायव्हर पुरतो. तिथे भाडं कमी करण्याची नुसती चढाओढ लागली, आणि त्या धंद्यातून युनियन जवळपास हद्दपार झाली. मायकेल बेल्झर या अभ्यासकाने 2000 साली यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'स्वेटशॉप्स ऑन व्हील्स'. नावातच सगळं आलं.

आता पगाराचं गणित बघा. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला पैसे बहुतेक मैलावर मिळतात. गोदामाच्या दारात ट्रक चार तास उभा राहिला, तर मैल शून्य. काही कंपन्या थांबण्याचे पैसे देतात, तेही बऱ्याचदा पहिले काही तास सोडून. आणि 1938 च्या कामगार कायद्यात ओव्हरटाइमची जी तरतूद आहे, तिच्यातून आंतरराज्य ट्रक ड्रायव्हर वगळलेले आहेत. आजही! नियमाप्रमाणे दिवसात 11 तास गाडी चालवता येते, तीही 14 तासांच्या खिडकीत. त्यातले चार तास दारात गेले, की कमाई गेली.

लायसन्सची गोष्ट वेगळीच. 1986 च्या कायद्याआधी अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत कारच्या लायसन्सवर अख्खा ट्रेलर चालवता यायचा! एप्रिल 1992 पासून देशभर व्यावसायिक लायसन्स सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण शिकायचा खर्च कोण करणार? मोठ्या कंपन्या पुढे आल्या: शिका आमच्याकडे, फी आम्ही भरतो, बदल्यात अमुक महिने काम करा. मध्येच सोडलं तर पैसे परत.

ओळखीचं वाटतंय ना? बॉन्ड!

त्यात आणखी एक गोम आहे. नवख्या ड्रायव्हरचा विमा महाग पडतो, त्यामुळे बऱ्याच छोट्या कंपन्या त्याला घेतच नाहीत. म्हणून सगळे सांगतात, "एक वर्ष काढ, मग पाहिजे तिथे जा." हॉफमन आणि बर्क्स या अर्थशास्त्रज्ञांनी एका मोठ्या कंपनीच्या ड्रायव्हरांना दर आठवड्याला विचारलं, पुढच्या आठवड्यात किती मैल होतील? ड्रायव्हर सतत जास्तीचा अंदाज सांगत राहिले. आठवड्यामागून आठवडे प्रत्यक्षात कमी मैल मिळूनही!

पुढचा सापळा म्हणजे भाड्याने ट्रक. कंपनी म्हणते, नोकर कशाला होतोस, मालक हो. ट्रक आमच्याकडून घे, हप्ता पगारातून कापू. डिझेल, दुरुस्ती तुझ्यावर, लोड आम्ही देऊ तेच. न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा हा खटला असल्याच नात्यातून उभा राहिला. कंपनीचं म्हणणं, हा स्वतंत्र कंत्राटदार आहे, कोर्टात न जाता लवादाकडे जावं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 8-0 असा निकाल ड्रायव्हरच्या बाजूने दिला. 1925 च्या लवाद कायद्यात वाहतूक कामगारांना जी सूट आहे, ती कंत्राटदार ड्रायव्हरलाही लागू होते, असं कोर्टाने सांगितलं.

मग निवडायचं कसं? या इतिहासातून माझ्या हाती चार प्रश्न लागले. मैलाचा दर सगळेच सांगतात, पण तुमच्या नवख्या ड्रायव्हरला गेल्या महिन्यात आठवड्याला प्रत्यक्ष किती मैल मिळाले? थांबण्याचे पैसे कितव्या तासापासून? ट्रेनर शेजारी असताना पगार किती, आणि तेव्हा मी झोपलेलो असताना ट्रेनर जागा असेल का? आणि बॉन्ड मध्येच तोडला, तर दर महिन्याला रक्कम कमी होत जाते की शेवटपर्यंत पूर्णच? आणि जुनी, युनियनवाली कंपनी म्हणजे डोळे मिटून सही, असंही नाही. 1924 पासूनची यलो कंपनी 2023 मध्ये बंद पडली, तेव्हा सुमारे 30 हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

शेवटचं सांगतो. त्याच प्रोजेक्टमध्ये माझ्याकडे एक काम आलं होतं. ड्रायव्हरने 12 महिन्यांच्या आत सोडलं, तर ट्रेनिंगचे उरलेले पैसे शेवटच्या पगारातून वळते करायचे. मी ते दोन दिवसांत लिहिलं. सगळे टेस्ट हिरवे. डेमोत कौतुकही झालं.

घरी आल्यावर मला माझा पहिला बॉन्ड आठवला. कॅम्पसमधून मिळालेली नोकरी, दोन वर्षांचा बॉन्ड, सोडलं तर एक लाख. बाबांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली होती आणि विचारलं होतं, "अरे, एक लाखाचं नेमकं काय शिकवणार आहेत, ते कुठे लिहिलंय?" मी वैतागलो होतो. म्हटलं, बाबा, सगळेच सही करतात. ट्रेनिंग निघालं तीन आठवड्यांच्या स्लाइड्सचं.

पहिली कंपनी आपण निवडतो, तेव्हा आपल्याला सगळ्यात कमी माहिती असते आणि सगळ्यात जास्त घाई असते. बाबांचा तो प्रश्न मी तेव्हा एचआरला विचारला नाही. तुम्ही विचारा. आणि तुमच्या घरात कुणी सही करायला बसलं असेल, तर हा भाग त्याला आधी ऐकवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!