केळ्याचं पुडिंग आणि आज्जीचा प्रश्न

मागच्या शनिवारी आमचं रिलीज पुढे ढकललं गेलं. (कोणामुळे ते विचारू नका. आमच्याच टीममुळे.) त्यामुळे बऱ्याच महिन्यांनी एक अख्खा वीकेंड हातात आला. त्यात घरात तीन गोष्टी एकदम जमून आल्या होत्या. उमरग्याहून आज्जी आली होती, हैदराबादच्या आतेभावाने उस्मानिया बिस्किटांचा डबा पाठवला होता, आणि टेबलावर डझनभर केळी काळी पडायला लागली होती.

बायको म्हणाली, "बनाना पुडिंग कर. ओव्हन नको, काही नको. बिस्किटं, कस्टर्ड, केळी, एकावर एक थर द्यायचे आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. एकदम सोपं."

आज्जी खाली बसून शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "सोपं? कुणाला सोपं रं?"

मला आधी वाटलं, माझ्या स्वयंपाकावर टोमणा आहे. (तो इतिहास वेगळा, त्यावर इथे लिहिणार नाही :) ) पण ती पुढे म्हणाली, "आमच्या येळला ह्यातलं एक बी घरात नव्हतं." आणि परत शेंगा फोडायला लागली. मी मात्र अडकलो. पुढच्या दोन रात्री वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते हे.

तर हे पुडिंग मूळचं अमेरिकेच्या दक्षिणेकडचं. गंमत म्हणजे केळं काही तिथलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या बोटींनी कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेतून केळी बंदरांवर यायला लागली आणि रेल्वेने आत पोचली. १८८८ साली 'गुड हाउसकीपिंग' मासिकात केळ्याच्या पुडिंगची कृती छापून आली. तेव्हा त्यात बिस्किटांऐवजी स्पंज केक होता. पुढे केकच्या जागी व्हॅनिला वेफर्स आले, आणि १९४० च्या दशकात बिस्किट कंपनीने कृती थेट खोक्यावरच छापली. झालं, पुडिंग 'घरचं' आणि 'सोपं' झालं. त्या स्वस्त केळ्यामागे युनायटेड फ्रूटसारखी कंपनी होती. १९२८ साली कोलंबियात तिच्या मळ्यांमधल्या संपकरी मजुरांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. म्हणजे आज्जीचा प्रश्न तिथेही लागू होता.

असो. आपण आपल्याकडे येऊ. पुडिंगसारखेच खालून वर थर लावतो.

पहिला थर, बिस्किट.

आज आपण चहात बुडवतो ते बिस्किट एकेकाळी धर्म बुडवायचं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत टिळक होते, रानडे होते, गोखले होते. गोपाळराव जोशींनी (आनंदीबाईंचे यजमान) ही नावं वर्तमानपत्रातून जाहीर करून टाकली आणि पुण्यात वादळ उठलं. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि रानड्यांसारख्या माणसाने १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. एका कप चहासाठी! मिशनऱ्यांच्या हातचं खाणं म्हणजे बाटणं, आणि बिस्किटात अंडं असेल ही धास्ती वेगळीच.

ही धास्ती आमच्या घरात पुढची शंभर वर्षं टिकली. आज्जीच्या सासूबाई असेपर्यंत पाव-बिस्किट उंबऱ्याच्या आत आलं नाही. त्या गेल्यावरही आज्जीने ती सवय सोडली नाही.

सवय सुटली ती ३० सप्टेंबर १९९३ नंतर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर आणि लोहाऱ्याकडची गावं आमच्या जिल्ह्यातली. सुमारे ८ हजार माणसं गेली. मी सात वर्षांचा होतो. आमच्या घराच्या भिंतींना भेगा पडल्या पण माणसं वाचली. नंतर कितीतरी दिवस आम्ही शेतात ताडपत्रीखाली राहिलो. मदतीच्या ट्रकमधून ग्लुकोज बिस्किटांचे पुडे यायचे. आज्जीने आयुष्यातलं पहिलं बिस्किट तेव्हा खाल्लं, पाण्यात बुडवून. कुणी केलंय, कशाचं केलंय, काही विचारलं नाही. अजूनही ग्लुकोजचा पुडा दिसला की ती तोंड फिरवते. त्यामुळे आमच्या पुडिंगात ग्लुकोज बिस्किट चालणार नव्हतंच.

पण उस्मानिया चाललं. आणि इथे मला एक मस्त योगायोग सापडला. हैदराबादच्या या खारट-गोड, खुसखुशीत बिस्किटाचं नाव शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून पडलं असं सांगतात. आमच्या जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नावही त्याच्याच नावावरून. धाराशिव हे त्याआधीचं जुनं नाव, ते २०२३ मध्ये अधिकृतपणे परत आलं. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यातच होतो. आजही उमरग्याहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ आहे, आणि रस्ताही थेट. राज्य गेलं, जिल्ह्याच्या पाटीवरचं नाव गेलं, बिस्किट राहिलं.

दुसरा थर, कस्टर्ड.

खरं कस्टर्ड म्हणजे दूध आणि अंड्याचा बलक. आपण जे करतो ती पावडर १८३७ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड या केमिस्टने बनवली. कारण काय, तर बायकोला अंडं सोसत नव्हतं आणि कस्टर्ड तर आवडायचं. मग त्याने अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर वापरून दूध घट्ट केलं. एका नवऱ्याने घरची अडचण सोडवायला केलेला हा 'वर्कअराउंड'. पण जगात अंडं न खाणारी जी कोट्यवधी माणसं होती त्यांना तो आयता मिळाला. पुण्यात १९५६ साली वेकफील्ड सुरू झाली आणि कस्टर्ड पावडर आपल्या किराणा दुकानात येऊन बसली. ८०-९० च्या दशकातल्या वाढदिवसांचं फ्रूट कस्टर्ड आठवतंय ना? वेफर्स, सामोसा, आणि स्टीलच्या वाटीत पिवळं कस्टर्ड, वर डाळिंबाचे चार दाणे. ते हेच.

तिसरा थर, केळं.

आपलं पुडिंग म्हणजे शिकरण. अचानक पाहुणे आले की दूध, साखर, केळं आणि पोळी. हा शब्द संस्कृत 'शिखरिणी'वरून आला असं मानतात. शिखरिणी म्हणजे साखर आणि मसाले घातलेलं दह्याचं पक्वान्न. म्हणजे शब्द दह्याचा, पदार्थ झाला दुधाचा. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला, त्यात खाण्यापिण्यावर एक मोठं प्रकरण आहे. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याच्या अगदी शेजारचं. आयुर्वेदवाले केळं-दुधाला विरुद्ध आहार म्हणतात, आणि मराठी माणूस मान डोलावून पुन्हा शिकरण ओरपतो.

पण आज्जीला विचारलं तर तिच्या लहानपणी केळं म्हणजे रोजचं फळच नव्हतं. सत्यनारायणाच्या चौरंगाला खुंट बांधायचे तेव्हा केळीचं दर्शन, आणि फळ शिऱ्याच्या प्रसादात. आठवडी बाजारात एखादी फणी आलीच तर आजाऱ्यासाठी किंवा उपासासाठी. कारण सरळ आहे. केळीला वर्षभर पाणी लागतं आणि आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. जळगावकडे केळीच्या बागा होत्या, आमच्याकडे ज्वारी आणि तूर.

चित्र बदललं ते ठिबकमुळे आणि १९९० च्या दशकापासून आलेल्या ऊतीसंवर्धित ग्रँड नैनच्या रोपांमुळे. हे कॅव्हेंडिश कुळातलं केळं. कॅव्हेंडिश हे इंग्लंडमधल्या एका ड्यूकचं आडनाव. १८३० च्या दशकात त्याच्या काचघरात हे केळं वाढवलं गेलं म्हणून त्याचं नाव मिळालं. आता गावी जाताना मधूनच हिरवीगार केळीची बाग दिसते, आणि एखादा किलोमीटर पुढे कोरडा ओढा. भर उन्हाळ्यात वाढलेल्या एका झाडाला ठिबकवरसुद्धा दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी लागतं. ते बोअरमधून येतं. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे विसरायला अजून तसे फार दिवस झाले नाहीत. (आणि १९८२ पर्यंत लातूर आमच्याच जिल्ह्यात होतं.) बाग लावणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. ज्वारीत पैसा नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण टेबलावर काळं पडणारं डझनभर केळं मी त्या रात्रीपासून फेकलेलं नाही, एवढं खरं.

चौथा थर, खवा. हा मूळ कृतीत नाही, ही आमची भर.

आमच्या जिल्ह्यात पाऊस कमी, पण भूम-परांड्याकडे जनावरं भरपूर. पूर्वी दूध शहरापर्यंत न्यायला ना शीतकरण होतं, ना धड रस्ते. मग दूध टिकवायचं कसं? भट्टीवर आटवून खवा करायचा. साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो. वजन कमी, टिकतो जास्त, आणि एसटीच्या टपावरून जातो. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा आणि पेढा यातूनच नावारूपाला आला. २०२४ मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दुधाचा विषय निघाला तेव्हा आज्जी आपणहून बोलली. "बहात्तरला गाय इकली. वैरणच नव्हती." १९७२ च्या दुष्काळात ती अठ्ठावीस वर्षांची होती, पदरात तीन लेकरं. दुष्काळी कामावर खडी फोडायची. खायला अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. ते अजूनही सांगतात, सुकडी गोड लागायची, सणासारखी. त्या कामांमधूनच पुढे राज्याचा रोजगार हमीचा कायदा आला, आणि २००५ मध्ये देशाचा. आपण हे पाठ्यपुस्तकात वाचतो. आमच्या घरात ते आज्जीच्या तळहातावर आहे.

बरं, आता कृती. एवढं वाचलंत तर ती तुमचा हक्कच आहे.

एक लिटर दुधातलं वाटीभर गार दूध बाजूला काढा, त्यात पाच मोठे चमचे कस्टर्ड पावडर नीट कालवा. बाकीचं दूध अर्धी वाटी साखर घालून उकळा, आच मंद करा आणि कालवलेलं मिश्रण धार धरून ओता. हात थांबवू नका. (मी फोन घ्यायला थांबलो. गुठळ्या झाल्या. गाळून घेतलं.) तीन-चार मिनिटं शिजवा, नाहीतर पिठूळ लागतं. १०० ग्रॅम खव्यातला निम्मा हाताने मोकळा करून यात विरघळवा. कोमट होऊ द्या. काचेच्या भांड्यात तळाला उस्मानिया बिस्किटं, वर केळ्याच्या चकत्या (दोन थेंब लिंबू लावा, काळ्या पडत नाहीत), वर कस्टर्ड. असे दोन किंवा तीन थर. शेवटचा थर कस्टर्डचाच हवा, केळं उघडं ठेवू नका. उरलेला खवा कोरडा परतून वर भुरभुरवा. झाकून चार-पाच तास फ्रीजमध्ये. बिस्किटं मऊ होऊन केकसारखी लागली की झालं. पिकलेली पाच-सहा केळी लागतात. उस्मानियातलं मीठ पुरतं, वेगळं घालू नका.

रविवारी दुपारी आज्जीला वाटी दिली. तिने चमच्याने एकेक थर उचकटून बघितला, जणू कोड रिव्ह्यू चालू आहे. मग एक घास खाल्ला.

"शिकरणच की रं हे," म्हणाली. "थंडगार केलंस एवढंच."

"चांगलं झालंय का?"

"खवा चांगला हाय." थोडं थांबून म्हणाली, "पोळी आन एक."

वाटी तिने पोळीने पुसून स्वच्छ केली. केळ्याची सालं मी कचऱ्यात टाकत होतो, ती तिने मागून घेतली. कुंडीत घालायला.

चला, फारच लांबलं. उद्या सोमवार, आणि ते रिलीज अजून तसंच आहे.