आठ आण्यांचे पुस्तक

१९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषणाचा मजकूर पाहून अधिवेशनच रद्द केले. ते न झालेले भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापून बाहेर काढले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. किंमत आठ आणे. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्याची दखल घेताना किंमत दोन आणे, निदान चार आणे करावी, असे सुचवले. छपाईचा खर्च स्वतः सोसणाऱ्याला दिलेला हा सल्ला मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. पण प्रश्न खोटा नव्हता. ज्याच्यासाठी लिहिले, त्याच्या हातात पुस्तक पडते का?

आमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती, पुस्तक नव्हते. कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. एम. ए.ला असताना शासनाने १९७९ पासून काढलेले, वसंत मून यांनी संपादिलेले खंड मला हवे होते. ग्रंथालयात ते कुलपातल्या कपाटात. घरी न्यायचे नाहीत. कारण काय, तर पोरं पानं फाडतात. झेरॉक्सला रुपया पान. मग एका मित्राने सायबर कॅफेत कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तेच लाहोरचे भाषण उघडून दाखवले. परिच्छेदांना क्रमांक, खाली टिपा, आणि मोल काही नाही. १९१३ साली बाबासाहेब जिथे शिकायला गेले, तिथून ते असे परत आले होते. कॅफे बंद होईपर्यंत मी उठलो नाही.

पुढे कळले की फुकट मिळणे आणि मुक्त असणे या दोन गोष्टी आहेत. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षे मोजतात. आधी ती पन्नास होती. रवींद्रनाथांचे लेखन १९९१ अखेर मुक्त व्हायची वेळ आली, तेव्हा दहा वाढवली गेली. म्हणून बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ २००७ ऐवजी १ जानेवारी २०१७ रोजी सर्वांचे झाले. मरणोत्तर प्रकाशित लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून धरतात. १९८७ साली चौथ्या खंडात आलेले ‘रिडल्स इन हिंदुइझम’ त्या हिशेबाने २०४७ अखेरपर्यंत अडकलेलेच. शासनाने खंड संकेतस्थळावर ठेवले आहेत, ते वाचता येतात. पण उद्या कुणी त्याचे गोंडीत भाषांतर करून छापायचे म्हटले, तर परवानगी कुणाच्या दारात मागायची? यावर आपल्या चळवळीत बोलणेच झालेले नाही. पुतळ्यांच्या उंचीवर मात्र पुष्कळ झाले.

जे मुक्त आहे त्याचे आम्ही काय केले, हेही सांगतो. स्कॅन केलेले पान म्हणजे अक्षरांचे छायाचित्र. त्यात शब्द शोधता येत नाही, आंधळ्या विद्यार्थ्याला यंत्राकडून ऐकताही येत नाही. मराठी विकिस्रोतावर कुणीही असे पान समोर ठेवून टंकू शकतो, दुसरा ते तपासतो. माझ्या वर्गातली सहा मुले गेल्या वर्षी जोतीरावांच्या पानांवर बसली. जुने ऱ्हस्व-दीर्घ ‘सुधारायचे’ की तसेच ठेवायचे, यावर दोन दिवस भांडण झाले. तसेच ठेवले.

त्यातली सोळा पाने आम्ही चार कागदांवर छापून घेतली, दुमडली, आणि माझ्या आईने गोधडीच्या दोऱ्याने शिवली. मुलांनी विचारले, किंमत काय लिहायची? कागद-छपाईचे आठ रुपये झाले होते, तेवढेच लिहिले.