छताखालचे साठ मीटर

मोबाइल घरीच ठेवून निघा. शनिवार, ७ मार्च १९८७ या तारखेला अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात त्याचा काही उपयोग नाही, आणि निकाल तर तुम्हाला आधीच पाठ आहेत. सोबत एक जाड जाकीट घ्या आणि तोंडावर ताबा ठेवा. या प्रवासात जाकीट सांभाळणं सोपं आहे, तोंड आवरणं अवघड.

तुम्ही चाललाय हूजियर डोमकडे, इनडोअर ॲथलेटिक्सची जागतिक स्पर्धा बघायला. लांबून आधी दिसतं ते त्याचं पांढरंशुभ्र छत. ते काचतंतूंच्या कापडाचं आहे, वर टेफ्लॉनचा लेप दिलेला, आणि ते पेललंय नुसत्या हवेने. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा सतत किंचित जास्त ठेवावा लागतो. म्हणूनच आत शिरायला साधी दारं नाहीत, फिरती दारं आहेत. त्यातलं एक ढकलून आत जा. दोन पावलांत थंडी, रस्ता, आकाश, सगळं मागे पडतं. वर पांढरा उजेड, खाली फूटबॉलचं अवाढव्य मैदान आणि त्यात मांडलेली दोनशे मीटरची इवलीशी धावपट्टी.

खुर्चीत बसा आणि आधी त्या धावपट्टीची वळणं बघा. ती तिरकी उचललेली आहेत, बाहेरची कड उंच आणि आतली खाली. इतक्या घट्ट वळणावर सपाट पट्टी असती, तर वेगात आलेला धावपटू बाहेर फेकला गेला असता. तरीही सगळ्यात आतल्या लेनवाल्याला ते वळण जाचतंच. पुढे २००४ नंतर दोनशे मीटरची शर्यत या स्पर्धेतून काढून टाकली जाईल, त्यामागे लेनचा हा अन्यायच असेल. सरळ पट्टीवर शंभर मीटर बसत नाहीत, म्हणून इथला वेगाचा राजा ठरतो साठ मीटरवर. साठ मीटर संपल्यावर थांबायलाही जागा अपुरी. समोर जाड गाद्या उभ्या केलेल्या असतात, धावपटू त्यांच्यावर जाऊन आदळतात.

१९८५ साली पॅरिसमध्ये अशीच एक स्पर्धा झाली होती, पण ‘जागतिक इनडोअर अजिंक्यपद’ या नावाने भरतेय ती ही पहिलीच. आणखी एक गोष्ट नवी आहे. आंतरराष्ट्रीय महासंघ इनडोअर विश्वविक्रमांना अधिकृत मान्यता देऊ लागला तो १ जानेवारी १९८७ पासून. म्हणजे विक्रमांची वही जेमतेम दोन महिन्यांची आहे, पानं कोरी करकरीत आहेत आणि त्यांवर पहिल्या नोंदी कोण करतो हे बघायला तुम्ही आलात.

शेजारचे आजोबा बोलके आहेत. हे राज्य बास्केटबॉलचं, त्यामुळे पाच मिनिटांत ते इंडियाना विद्यापीठाच्या संघावर येतात. यंदा पोरं जिंकतील का, असं ते विचारतात. ३० मार्चला ती राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणार आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही फक्त मान डोलावता. मग तुम्ही कुठले, असं ते विचारतात. ‘महाराष्ट्र’ हे उत्तर त्यांच्यापर्यंत पोचत नाही. काही तासांपूर्वीच, अहमदाबादेत पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत सुनील गावसकरने दहा हजार धावा पूर्ण केल्या आहेत. तिथवर कसोटीत कुणीच पोचलं नव्हतं. उद्याच्या मराठी पेपरांत पहिलं पान कुणाचं, हे सांगायला नको. इथे मात्र ती बातमी कुणाला सांगणार? एकाच तारखेला दोन टोकांना दोन नोंदी होताहेत. त्यातली एक टिकणार आहे.

आता पुरुषांची साठ मीटरची अंतिम शर्यत.

कॅनडाचा बेन जॉन्सन ब्लॉकमध्ये बसतो. हात इतरांपेक्षा रुंद टेकवलेले, खांदे भरलेले. जमैकातल्या फॉलमथ गावात जन्मलेला हा पंचवीस वर्षांचा माणूस सुरुवातीला अडखळत बोलतो, पण ब्लॉकमधून सुटताना अजिबात अडखळत नाही. स्टेडियम शांत होतं. बंदिस्त जागेत पिस्तुलाचा बार कानाला झोंबतो. आवाज छताला आपटून परत येईपर्यंत जॉन्सन पुढे निघून गेलेला असतो. तो उभा राहून मग धावत नाही, एका झेपेत ब्लॉकमधून थेट वेगात उतरतो. तुम्ही श्वास घेता, आणि तो सोडायच्या आत शर्यत संपते.

६.४१. विश्वविक्रम.

आजोबा उभे राहतात, तुम्हीही उभे राहता, टाळ्या वाजवता. मग हात मधेच थबकतात. कारण पुढच्या वर्षी सप्टेंबरात सोल ऑलिंपिकमध्ये काय होणार, ते तुम्हाला माहीत आहे. शंभर मीटर ९.७९ सेकंदांत, आणि तीन दिवसांत पदक परत. लघवीच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल. त्यानंतर १९८९ मध्ये कॅनडातल्या चौकशीत जॉन्सन स्वतःच सांगेल की उत्तेजकं तो १९८१ पासून घेत होता. मग महासंघ मागे जाऊन त्याच्या नोंदी पुसेल, आत्ता फलकावर लकाकणारी ही ६.४१ सुद्धा.

आजोबांना सांगावं का? ते तुम्हाला वेड्यात काढतील, आणि त्यांचंही काही चूक नसेल. घड्याळ खोटं बोललेलं नाही. तुमच्या डोळ्यांनीही तुम्हाला फसवलेलं नाही. साठ मीटर या माणसाने खरोखरच ६.४१ सेकंदांत कापले. वेगाबद्दल शंका नव्हतीच. तो वेग कशाच्या जोरावर आला, हे बघायला प्रेक्षकाजवळ साधन नाही. हजारो लोक एक गोष्ट समोर घडताना बघतात आणि तरी तिच्यातली मुख्य बाब त्यांच्या नजरेच्या टप्प्यातच नसते.

म्हणून आता नजर जरा बाजूला न्या. दुसरा आलेला अमेरिकेचा ली मॅक्रे, वेळ ६.५०. छायाचित्रकार त्याच्या पुढून धावत जाताहेत. सुवर्ण त्याचंच आहे, फक्त ते त्याच्या नावावर कागदोपत्री यायला दोन वर्षं लागतील. राष्ट्रगीताशिवाय, या टाळ्यांशिवाय. एवढं एक करा: जॉन्सनसाठी वाजवलेल्या टाळ्यांतल्या थोड्या राखून ठेवा आणि मॅक्रे समोरून जाईल तेव्हा वाजवा. आजोबा चमकून बघतील. बघू द्या.

उरलेल्या वेळात भटका, कारण इनडोअर स्पर्धेत सगळं एकदम चालू असतं आणि सगळं हाताच्या अंतरावर असतं. गोळाफेकीचा धप्प आवाज, पोल व्हॉल्टच्या दांड्याची थरथर, वळणावर लाकडासारखी वाजणारी पावलं. सोव्हिएत संघाचा सर्गेई बुबका ५.८५ मीटर ओलांडून जिंकतो. आयर्लंडचे लोक इथे आवाजाने ओळखू येतात, कारण १५०० मीटर मार्कस ओ’सलिव्हन जिंकतो, ३००० मीटर फ्रँक ओ’मारा, आणि त्याच्या मागे दुसराही आयरिशच, पॉल डोनोव्हन. पुरुषांच्या पाच किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत स्पर्धक शेवटची लोकल गाठणाऱ्यांसारखे कोपर हलवत निघतात. प्रेक्षक आधी हसतात. मग पंचवीस फेऱ्या मोजताना हसू विरतं, कारण मिखाईल श्चेन्निकोव १८ मिनिटं २७.७९ सेकंदांत पोचतो, आणि हा वेग तुमच्या-आमच्या धावण्यापेक्षा जास्त आहे. पुढच्या तिन्ही स्पर्धांत तोच जिंकेल, आणि १९९३ नंतर ही शर्यत इथून बंदच होईल.

पूर्व जर्मनीची हाइक ड्रेक्सलर दोनशे मीटर आणि लांब उडी, दोन्ही जिंकते. तिच्या देशाला अजून चार वर्षंही उरलेली नाहीत, हे या हॉलमध्ये फक्त तुम्हाला माहीत आहे. बर्लिनची भिंत पडल्यावर तिथल्या सरकारी उत्तेजक-योजनेची कागदपत्रं बाहेर येतील आणि या दशकातल्या कितीतरी आकड्यांकडे लोक भुवया उंचावून बघतील. त्यातला कुठला आकडा कशाने आला, हे आज इथे बसून तुम्ही एकेकाला लावू लागलात तर ती फक्त कुजबुज होईल. जे सिद्ध झालं तेवढं धरा.

रविवारी मात्र उंच उडीजवळची जागा पकडा. बल्गेरियाची स्टेफ्का कोस्टादिनोव्हा, प्लोव्हदिवची, अजून बावीसही पूर्ण नाही. स्वतःची उंची १.८० मीटर. पूर्व जर्मनीची सुझान बायर २.०२ वर थांबते आणि आडवी दांडी २.०५ वर चढते, म्हणजे कोस्टादिनोव्हाच्या डोक्यापेक्षा २५ सेंटिमीटर वर. तिचा रनअप लांब नाही. वळणातली शेवटची पावलं झपाझप पडतात, पाठ दांडीकडे वळते, कमान होते, टाचा उचलल्या जातात. दांडी जागची हलत नाही. इनडोअर विश्वविक्रम.

कालच्या मानाने गर्जना बेताची असते. साहजिक आहे. सहा सेकंदांची शर्यत बघणाऱ्याला आयता थरार देते, उंच उडी त्याच्याकडून आधी तासभर मागते.

परतताना लगेच घरी जाऊ नका. त्याच वर्षीच्या ३० ऑगस्टला रोमला उतरा. मैदानी अजिंक्यपदात त्या एकाच संध्याकाळी, एकाच स्टेडियममध्ये, ही दोघं पुन्हा असतील. जॉन्सन शंभर मीटर ९.८३ मध्ये धावेल आणि जग त्याच्याकडे बघेल. तोही आकडा खोडला जाईल. कोस्टादिनोव्हा २.०९ ओलांडेल, आणि तो विक्रम ७ जुलै २०२४ पर्यंत, म्हणजे युक्रेनची यारोस्लावा माहुचिख पॅरिसमध्ये २.१० मारेपर्यंत, जवळजवळ सदतीस वर्षं टिकेल. त्या संध्याकाळी तिकीट काढताना धावपट्टीच्या शेवटाजवळची महाग खुर्ची घेऊ नका. उंच उडीसमोर बसा. शंभर मीटरची शर्यत तिथूनही दिसते, आणि ती काही दहा सेकंदांपेक्षा जास्त चालत नाही.