हॅलिफॅक्सचा सोयीचा गुन्हेगार

६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदराच्या चिंचोळ्या खाडीत ‘इमो’ आणि ‘मोंट-ब्लांक’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. ‘मोंट-ब्लांक’मध्ये पिक्रिक अ‍ॅसिड, टीएनटी, गनकॉटन आणि बेंझॉल होतं. वीसेक मिनिटांत स्फोट झाला आणि सुमारे २,००० माणसं गेली. चौकशीत ठपका आला तो ‘मोंट-ब्लांक’वर: कप्तान, बंदरात जहाजाला वाट दाखवणारा पायलट फ्रान्सिस मॅकी आणि बंदरातला नौदल अधिकारी. ‘इमो’चा पायलट विल्यम हेज मेला होता, त्याची बाजू तो मांडणार कुठून? पण चुकीच्या बाजूने येत होती ती ‘इमो’. समोरून येणाऱ्या एका जहाजाला तिने वाट दिली, मग एका टगला, आणि उलट्या बाजूला ती अडकत गेली. ‘मोंट-ब्लांक’ने एक शिटी दिली, ‘इमो’ने उत्तरादाखल दोन, म्हणजे वाट देणार नाही.

कुणी म्हणेल, शिट्यांचा घोळ हा माणसाचाच. खरं आहे, टक्कर टाळायला घेतलेल्या शेवटच्या वळणाचं माप मॅकीच्याही पदरात पडतंच. पण पाणबुड्या अडवणारी बंदराची जाळी रात्री बंद, म्हणून ‘मोंट-ब्लांक’ बाहेर खोळंबलं. कोळसा उशिरा आला, म्हणून ‘इमो’ आत अडकली. सकाळी दोघांनाही घाई. शिवाय शांततेच्या काळात असा माल आतल्या बंदरात येऊच देत नसत. ती मुभा युद्धाची, पायलटची नव्हे. पुढे अपिलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९२० मध्ये दोन्ही जहाजांना सारखंच दोषी धरलं. मॅकीला काढून घेतलेला परवाना परत मिळाला तो १९२२ मध्ये.