विद्यापीठातील कामगार संघटना आणि वंशभेदाविरुद्धची लढाई

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन आपली अनेक मुले-मुली ब्रिटनला जातात. काही जण पुढे तिथेच संशोधन वा अध्यापन करतात. व्हिसा आणि घरभाड्याची माहिती त्यांना सहज मिळते. पण कामाच्या ठिकाणी भेदभाव झाला तर कुणाकडे जायचे, हे कुणी सांगत नाही. म्हणून युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियन, म्हणजेच यूसीयू या संघटनेची माहिती आम्ही इथे देत आहोत.

संघटना कुणाची?

प्राध्यापक-व्याख्यात्यांच्या दोन जुन्या संघटना 2006 मध्ये एकत्र आल्या आणि यूसीयू उभी राहिली. आज तिचे एक लाखाहून अधिक सभासद आहेत. त्यांत प्राध्यापकांबरोबर संशोधक, ग्रंथपाल, तांत्रिक व प्रशासकीय कर्मचारी आणि शिकवणारे पीएच.डी. विद्यार्थीही येतात. विद्यापीठनिहाय शाखा असते आणि तिचे प्रतिनिधी सहकाऱ्यांमधूनच निवडले जातात.

सभासदाला काय मिळते?

पहिली मदत शाखेतच मिळते. 1999 च्या कायद्यानुसार शिस्तभंगाच्या वा तक्रारीच्या सुनावणीला कर्मचारी संघटनेचा प्रतिनिधी सोबत नेऊ शकतो. हा प्रतिनिधी बाजू मांडू शकतो, सभासदाशी सल्लामसलत करू शकतो. मात्र सभासदाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सभासदानेच द्यायचे असते. प्रकरण गंभीर असेल तर संघटना कायदेशीर मदतीचा विचार करते.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अडचण आल्यावर नव्हे, नोकरीच्या पहिल्या दिवसांतच सभासद व्हावे. आणि घटनेची तारीख, वेळ, ईमेल, साक्षीदार यांची नोंद लगेच करावी, कारण रोजगार न्यायाधिकरणात दाद मागण्याची मुदत मोजक्या महिन्यांचीच असते. ज्याचा व्हिसा नोकरीवर अवलंबून आहे, तो तक्रार करायला घाबरतो. अशा वेळी एकट्याच्या अर्जामागे संघटना उभी असणे फार मोलाचे ठरते.

वंशभेदाविरुद्ध काम

यूसीयूमध्ये कृष्णवर्णीय सभासदांची स्वतंत्र समिती आहे. आफ्रिकन, कॅरेबियन आणि आशियाई वंशाचे सभासद तिथे एकत्र येतात. 2019 मध्ये संघटनेने निकोला रोलॉक यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या वेळी संपूर्ण ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीय महिला प्रोफेसर अवघ्या 25 होत्या. त्यांपैकी 20 जणींशी बोलून तो लिहिला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये 60 विद्यापीठांत आठ दिवसांचा संप झाला. पगार, कामाचा बोजा आणि कंत्राटी नोकऱ्यांबरोबर वंश व लिंग यांवरून पडणारी वेतनातील तफावत हाही त्यातला मुद्दा होता.

आणि जात?

ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात वंशाला संरक्षण आहे, जातीला स्पष्ट संरक्षण नाही. 2013 मध्ये संसदेने जात समाविष्ट करण्याचे बंधन सरकारवर घातले. 2018 मध्ये सरकारने त्यातून माघार घेतली. मात्र 2014 च्या एका खटल्यात, एका भारतीय घरकामगार महिलेच्या बाबतीत, अपील न्यायाधिकरणाने जात ही 'वांशिक मूळ' या संज्ञेत येऊ शकते असे मान्य केले. आज तक्रार करताना आधार आहे तो याच निकालाचा.

अमेरिकेत संघटनांनी पुढचे पाऊल टाकले. हार्वर्डच्या विद्यार्थी-कामगार संघटनेने 2021 च्या करारात जातीविरुद्धचे संरक्षण मिळवले. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी 2022 मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात आणली; तिथल्या प्राध्यापकांच्या संघटनेचा त्याला पाठिंबा होता.

आपला संबंध

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. कामगार पुढाऱ्यांच्या या प्रश्नावरील मौनावर बाबासाहेबांनी बोट ठेवले. 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. संघटना पगारासाठी लढते, पण भेदभावावर गप्प बसते, तर ती अर्धीच संघटना, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून परदेशी जाणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे आहे: सभासद व्हा, शाखेच्या बैठकीला जा आणि तिथे जातीचा प्रश्न मांडा. आपण मांडला नाही, तर तो दुसरे कुणी मांडेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

जय भीम!