हौस आणि कसोटी

उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवताना काही शब्दांपाशी मी हमखास रेंगाळतो. 'हौस' हा त्यातला एक. मूळ अरबी 'हवस'. उर्दूत या शब्दाला लोभ आणि वासनेचा वास चिकटला. मराठीत मात्र तोच शब्द घरचा झाला. आपण हौसेनं घर बांधतो, हौसेनं मुलांची लग्नं करतो आणि पोटासाठी न खेळणाऱ्या खेळाडूला 'हौशी' म्हणतो. इंग्रजीतल्या 'अमॅच्युअर'च्या मुळाशीही लॅटिनमधला 'प्रेम करणे' हाच अर्थ आहे. ज्याचा खेळावर जीव आहे, तो हौशी.

आज ज्या खेळाबद्दल लिहितोय, त्याचं नाव 'क्रिटेरियम'. हा सायकल शर्यतीचा एक प्रकार. शब्द फ्रेंचमधून आला, पण मूळ ग्रीक. अर्थ निकष, कसोटी. म्हणजे हौशी क्रिटेरियम ही झाली हौशी लोकांची कसोटी. पण कसोटी नेमकी कोणाची?

आपल्याला मुंबई-पुणे सायकल शर्यत ठाऊक आहे. तिथे सायकलपटू एका शहरातून सुटतात, बोरघाट चढतात आणि दुसऱ्या शहरात पोचतात. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला ते क्षणभर दिसतात. क्रिटेरियमचं तसं नाही. गावातले चार-सहा रस्ते बंद करून लहानसा फेरा आखायचा आणि त्याच फेऱ्यावर पुन्हा पुन्हा सायकली पळवायच्या. दर दोन-तीन मिनिटांनी सगळा घोळका पुन्हा समोरून जातो. पुढच्याच्या मागे चिकटून राहिलं की वारा कमी लागतो, ताकद वाचते. पण प्रत्येक वळणावर वेग कमी होतो आणि वळण संपलं की पुन्हा जोर लावावा लागतो. जो घोळक्याच्या शेपटीला असतो, त्याला हा जोर सगळ्यात जास्त लागतो. अनेक जण असेच दमून गळतात.

मधेच घंटा वाजते. पुढच्या फेरीत जो पहिला रेषा ओलांडेल त्याला वेगळं बक्षीस. याला 'प्रीम' म्हणतात आणि ते बऱ्याचदा गावातलाच एखादा दुकानदार देतो. आपल्या कुस्तीच्या मैदानात एखादा शेठ मधेच उठून इनाम जाहीर करतो, तसंच हे. शेवटी कितवाही नंबर येवो, त्या एका फेरीपुरता पोरगा राजा असतो.

या खेळाच्या इतिहासात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं सॉमरव्हिल हे छोटं शहर महत्त्वाचं आहे. तिथे फ्रेड कुगलर यांचं सायकलचं दुकान होतं. लोक त्यांना 'पॉप', म्हणजे बाबा, म्हणत. अमेरिकेत एकेकाळी सायकल शर्यतींना तुफान गर्दी व्हायची, पण मंदीच्या काळात ते दिवस सरले. याच राज्यातल्या नेवार्कचा प्रसिद्ध सायकल ट्रॅक १९३० मध्ये बंद पडला. अशा काळात कुगलर यांनी १९४० मध्ये आपल्या शहराच्या रस्त्यांवर हौशी खेळाडूंची शर्यत भरवायचं ठरवलं. अडचण कायद्याची होती. सार्वजनिक रस्त्यावर बक्षिसासाठी शर्यत लावायला राज्यात बंदी होती. कुगलर यांनी वाट काढली. शर्यतीला शर्यत म्हणायचंच नाही! नाव ठेवलं 'टूर ऑफ सॉमरव्हिल'. टूर म्हणजे सहल. सहलीला कोण अडवणार? पन्नास मैलांची, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटरची, ही 'सहल' मेमोरियल डेच्या दिवशी सुरू झाली. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा तो दिवस. पुढे तोच दिवस या शर्यतीला वेगळ्या अर्थानं चिकटणार होता.

पहिली दोन वर्षं शर्यत जिंकली खुद्द कुगलर यांच्या मुलानं, फर्मननं. १९४२ मध्ये कार्ल अँडरसन जिंकला. मग दुसऱ्या महायुद्धानं तरुण पोरं ओढून नेली आणि १९४३ ते १९४६ शर्यत झालीच नाही. युद्ध संपलं तेव्हा फर्मन परतला नाही, कार्लही परतला नाही. शर्यतीचे तोवरचे दोन्ही विजेते युद्धात मारले गेले होते.

ज्या रस्त्यावर पोटचा पोरगा दोनदा पहिला आला, तोच रस्ता त्याच्याशिवाय पुन्हा सजवायचा, हे बापाला कसं जमलं असेल? पण १९४७ मध्ये शर्यत पुन्हा भरली आणि दोघांच्या नावानं भरली: कुगलर-अँडरसन मेमोरियल. नावात एक आपला मुलगा आणि एक दुसऱ्याचा. आज तिथल्या महिलांच्या शर्यतीला फर्मनची बहीण मिल्ड्रेड हिचं नाव आहे. या शर्यतीला लोक सायकलिंगची 'केंटकी डर्बी' म्हणू लागले. अमेरिकेच्या सायकलिंगचं हॉल ऑफ फेमही पुढे याच शहरात सुरू झालं आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला गेलं.

इथवर वाचून वाटेल की हौशी माणसं म्हणजे सगळी साधी आणि दिलदार. इतिहास तसं सांगत नाही. अमेरिकेतल्या हौशी सायकलस्वारांची मोठी संघटना म्हणजे १८८० मध्ये स्थापन झालेली 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन'. चांगले रस्ते सगळ्यांना मिळावेत म्हणून तिनं मोठी चळवळ केली. त्याच संघटनेनं १८९४ मध्ये नियम केला की सभासद फक्त गोरेच होतील. हा नियम अधिकृतपणे मागे घ्यायला १९९९ साल उजाडलं. रस्ता सगळ्यांचा, हौस मात्र काहींचीच!

मेजर टेलर हा काळा सायकलपटू याच काळातला. तो व्यावसायिक झाला आणि १८९९ मध्ये माँट्रियलला एक मैलाच्या स्प्रिंट शर्यतीत जगज्जेता ठरला. १९३२ मध्ये शिकागोत तो गरिबीत मेला आणि नावाची खूणही नसलेल्या कबरीत पुरला गेला. १९४८ मध्ये काही जुन्या सायकलपटूंनी त्याचे अवशेष तिथून काढून नाव कोरलेल्या कबरीत नेले. खर्च सायकल कारखानदार फ्रँक श्विन यांनी केला. सॉमरव्हिलची शर्यत दोन मुलांच्या नावानं पुन्हा सुरू झाली, त्याच्या पुढच्याच वर्षी.

म्हणून मला वाटतं, या खेळात खरी कसोटी लागते ती गावाची. सायकलपटू तर दोन-अडीच तासांत घरी जातो. रस्ता बंद करून देणारे, वळणावर झेंडा धरून उभे राहणारे, प्रीमची रक्कम काढून ठेवणारे, आपल्या दारात गर्दी सोसणारे, हे सगळे मिळून शर्यत होते. आणि हेच लोक ठरवतात की कोणाला धावू द्यायचं आणि कोणाचं नाव लक्षात ठेवायचं.

आपल्याकडेही गावोगाव कोणा मर्हूमच्या किंवा कैलासवासीच्या नावानं क्रिकेटचे चषक भरतात. मंडप, लाऊडस्पीकर, बिर्याणी किंवा वडापाव, सगळं हौसेनं होतं. चांगलंच आहे. मेलेल्या माणसाची आठवण दगडापेक्षा पोरांच्या धावण्यात जास्त टिकते, हे सॉमरव्हिलनं दाखवलंय. फक्त पुढच्या वेळी संघांची यादी करताना एवढं पाहूया, की पलीकडच्या मोहल्ल्यातल्या, दुसऱ्या आळीतल्या पोरांना निरोप गेलाय का? आणि बहिणींसाठी एखादा सामना ठेवलाय का? यादी अजून बंद झालेली नाही.